फोन उचलायचा नाही

वर्षाचे महिने बारा असतात हे नानांना वयाच्या पाचव्या वर्षी कळलं होतं, आणि त्यानंतर साठ-बासष्ट वर्षं त्यांनी या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तो विश्वास एका रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत, मोबाइल कंपनीने मोडीत काढला.

"अठ्ठावीस दिवस," नाना हातातला कागद लांब धरून म्हणाले. "अगं, ऐकलंस का? हे लोक अठ्ठावीस दिवसांत महिना संपवतात."

"संपवू देत," माई आतून म्हणाल्या. "आपल्याकडे तर वीस तारखेलाच संपतो."

"हसण्यावारी नेऊ नकोस. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे तेरा होतात. मला जन्मभर पगार बाराच मिळाले. मग हा तेरावा महिना यांनी आणला कुठून?"

यावर माईंनी मिक्सर सुरू केला. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोला मिक्सर कधी सुरू करायचा ते नेमकं कळतं.

पण नाना गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर-रीडर होते. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून गल्लोगल्ली फिरून लोखंडी झाकणं उचलली, ओणवं होऊन खड्ड्यात तोंड घातलं, काचेवरची माती अंगठ्याने पुसली आणि आकडे वाचले. जेवढं पाणी नळातून गेलं तेवढंच बिलात आलं पाहिजे, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही, हा त्यांचा धर्म होता. देवाच्या दरबारातही याच पद्धतीने हिशेब होत असणार अशी त्यांची श्रद्धा होती. तिथे नेमलेला मीटर-रीडर घरी बसून अंदाजे आकडे भरणारा नसावा, एवढीच प्रार्थना ते अधूनमधून करत.

अशा माणसाला 'अमर्याद बोला' या दोन शब्दांचा किती त्रास झाला असेल याची कल्पना करा. अमर्याद म्हणजे मोजलेलंच नाही. आणि मोजलेलं नाही तर पैसे कसले? शिवाय रोजचं दोन जीबी का काय ते इंटरनेट. वापरलं नाही तर ते दिवस संपता संपता आपोआप वाया जातं, हे सूनबाईंनी सांगितलं तेव्हा नानांना रात्रभर उघड्या राहिलेल्या नळाचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्यांनी फ्रिजवर एक वही ठेवली. घरात फोन तीन. नानांचा, माईंचा आणि सूनबाईंचा. चिरंजीव परगावी नोकरीला असल्यामुळे या संकटातून सुटले. प्रत्येकाने दिवसाअखेर आपण किती मिनिटं बोललो ते वहीत लिहायचं असं ठरलं, म्हणजे नानांनी ठरवलं. सूनबाई घरून एका कंपनीचं काम करत आणि त्यांच्या कानातला फोन जेवतानाही निघत नसे. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मोजता आलं नाही, क्षमस्व.' माईंनी त्याच पानावर किराण्याची यादी लिहिली. नानांचं स्वतःचं रीडिंग मात्र चोख होतं. अठ्ठावीस दिवसांत नऊ मिनिटं. त्यांतली चार कंपनीला तेराव्या महिन्याबद्दल विचारताना गेली होती.

या नऊ मिनिटांत अक्कांशी झालेलं बोलणं शून्य. आणि तरी अक्कांचा फोन रोज येत होता.

आता अक्का कोण, ते ऐका. अक्का नानांची थोरली बहीण. बसने चार-पाच तासांच्या अंतरावरच्या गावात एकट्या राहत. शिवणशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आई लवकर गेली तेव्हापासून नानांचा गणवेश, नानांचं दप्तर आणि नानांची फी या तिन्ही गोष्टी अक्कांच्या शिलाई मशीनमधूनच बाहेर पडल्या होत्या. काटकसर अशी, की उरलेल्या कापडातून पिशवी काढत, पिशवीतून उरलेल्या तुकड्यांतून बटवा, आणि बटव्यातून उरलेल्या चिंधीचं काय करायचं याचा विचार करत बसत.

भावाबहिणीने एकाच वर्षी मोबाइल घेतले. तो काळ आठवा. त्याआधी परगावी बोलायचं म्हणजे बेकरीतल्या नाणी टाकायच्या फोनसमोर रांग, आणि बोलणारा इतका ओरडून बोलायचा की मध्ये तार नसती तरी चाललं असतं. पावाचा वास आणि दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या, दोन्ही फुकट मिळायचं. मग मोबाइल आला. केला तर पैसे, आणि नवल म्हणजे उचलला तरी पैसे. फोन वाजला की घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा व्हायची, पाहुणा आल्यासारखी त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि उचलायचं धाडस कोणी करायचं नाही. तो वाजून थांबला की सगळे समाधानाने पांगायचे. तेवढ्यानेही घराला श्रीमंती आल्यासारखी वाटायची.

त्या वर्षी सुट्टीत आलेल्या अक्कांनी कपडे बेतायचा खाकी कागद पसरला आणि पेन्सिलीने खुणा लिहून काढल्या. सकाळी पावणेसातला अक्कांच्या दोन रिंगा, म्हणजे 'उठले, ठीक आहे.' उलट नानांची एक रिंग, म्हणजे 'कळलं, इथेही ठीक.' तीन रिंगा, 'पत्र टाकलंय.' चार रिंगा, 'सुट्टीला येतेय.' आणि चारच्या वर वाजतच राहिला तर, 'असशील तसा निघ, उलट फोन करत वेळ आणि पैसे घालवू नकोस.' खाली दोनदा अधोरेखित केलेला नियम, 'काही झालं तरी फोन उचलायचा नाही.'

नानांनी हा नियम एकदाच मोडला, तोही डोळ्यांत साबण गेला होता म्हणून. हात लागला, फोन उचलला गेला, आणि तोंडातून "हॅलो" निघालं. पलीकडून अक्का म्हणाल्या, "गाढवा, गेले ना पैसे," आणि फोन बंद. पुढचे चार दिवस शिक्षा म्हणून एकही रिंग नाही. ते चार दिवस नानांनी कसे काढले ते माईंना विचारा.

तेव्हापासून एकोणीस वर्षं झाली. फोन उचलायला फुकट झाला, मग करायला फुकट झाला, मग जग दिवसभर बोलू लागलं. पूर्वी सुट्टीत येणं-जाणं व्हायचं. मग अक्कांचे गुडघे बोलू लागले, नानांना बसचा त्रास होऊ लागला, आणि बघता बघता गेल्या पाच वर्षांत भेट नव्हती. पण पावणेसातच्या दोन रिंगा चुकल्या नाहीत. 'आता बोललं तरी चालेल' असं दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. सांगणार कसं? त्यासाठी खूण नव्हती.

नाना दात घासत असले तरी त्या दोन रिंगांसाठी ब्रश तोंडात तसाच ठेवून थांबत. आपण कितीही म्हातारे झालो तरी आपल्याला गाढव म्हणायचा अधिकार असलेलं एक माणूस जगात अजून आहे, हे त्यांना त्या दोन रिंगांतून रोज नव्याने कळत असे.

म्हणूनच बचतीच्या या मोहिमेत त्यांची अट एकच होती. वाटेल ते होवो, नंबर बदलता कामा नये. अक्का नव्या नंबरावर रिंगा देणार नाहीत, दिल्या तरी चुकून दुसऱ्यालाच देतील आणि तो उचलून बसेल.

या टप्प्यावर शेजारचे कॅशियर मोहिमेत उतरले. कॅशियर बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत आठ सिमकार्डं होती आणि प्रत्येकावर कुठली ना कुठली सवलत चालू होती. त्यांना फोन करायचा तर त्या दिवशी कुठलं सिम घातलंय ते आधी घरी जाऊन विचारावं लागे.

"नानासाहेब," कॅशियर म्हणाले, "देवावर निष्ठा ठेवा, बायकोवर ठेवा. फोन कंपनीवर कसली ठेवता? नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. नुसतं सोडतो म्हणून मेसेज टाका. सोडू नका. सोडतो म्हणा. पायाशी लोळण घेत येतात."

नानांनी मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. अतिशय गोड आवाजातल्या एका बाईंनी विचारलं, "सर, आपण आम्हाला का सोडून चाललात?"

नानांना गलबलून आलं. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर खात्याने त्यांना पाच मिनिटं मागे चालणारं घड्याळ दिलं होतं, आणि का चाललात असं कोणी विचारलं नव्हतं. ते विरघळणार एवढ्यात समोर बसलेल्या कॅशियरांनी मान जोरजोरात हलवली.

"माझी मागणी साधी आहे," नाना सावरून म्हणाले. "मला बारा महिने द्या."

"सर?"

"वर्षाचे बारा. पंचांगात, कॅलेंडरात, शाळेत, सगळीकडे बाराच असतात. तुम्ही तेरा घेता. एक परत करा. मी कुठेही जाणार नाही."

बाईंनी त्यांना थोडा वेळ बासरी ऐकवली. मग परत येऊन म्हणाल्या, "सॉरी सर, ही सुविधा सध्या आपल्या भागात उपलब्ध नाही."

संपलं. इथून पुढे प्रश्न पैशांचा राहिला नाही, स्वाभिमानाचा झाला. आणि मध्यमवर्गीय माणसाचा स्वाभिमान पेटला की तो आधी रिक्षाचे पैसे खर्च करतो. नाना रिक्षाने नव्या कंपनीच्या दुकानात गेले.

दुकान थंडगार होतं. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिने नव्या कंपनीचं सिम दिलं, नंबर तोच राहील असं शपथेवर सांगितलं आणि एक चिमुकलं यंत्र पुढे केलं.

"काका, अंगठा ठेवा."

नानांनी ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला.

"जरा दाबून."

लाल.

"काका, तुमचा अंगठा येत नाहीये."

"येत नाहीये म्हणजे? हा काय इथे आहे."

"तसं नाही, काका. रेषा येत नाहीयेत."

मग उपचार सुरू झाले. ओला रुमाल झाला, कोरडा रुमाल झाला. रांगेतल्या एका गृहस्थांनी अंगठा केसांवरून फिरवायला सांगितला, पण नानांकडे त्यासाठी पुरेशी जागा नव्हती, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने स्वतःचं डोकं पुढे केलं. उरलेली नऊ बोटंही एकेक करून झाली. यंत्र बधलं नाही. चौतीस वर्षं मीटरच्या काचा पुसता पुसता आणि गंजलेली झाकणं ओढता ओढता नानांच्या बोटांवरच्या रेषा शहराच्या पाण्याखाली कधी वाहून गेल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"म्हणजे यंत्राच्या मते मी नाहीच," नाना म्हणाले.

"आहात हो, काका," मुलगी कळवळून म्हणाली. "पण सिस्टीमला दिसत नाही. असं करा, सोमवारी या. साहेब असतात. डोळ्यांवरून करू. पण नक्की या हं, नाहीतर मंगळवारी अडचण होईल."

रांगेतली माणसं आता नानांकडे करुणेने बघत होती, आणि करुणा हा प्रकार नानांना कधी मानवला नाही. ते ताठ मानेने बाहेर पडले. घरी येऊन म्हणाले, "मी आहे हे सिद्ध करायला परत त्या दुकानात जाणार नाही."

"अहो, आपोआप होतं," कॅशियरांनी दिलासा दिला. "सोमवारी रात्री नवं सिम घाला आणि जुनं कात्रीने कापून टाका. नाहीतर त्याचा गैरवापर करतात."

सोमवार आला आणि गेला. नाना गेले नाहीत. रात्री त्यांनी नवं सिम घातलं आणि जुन्याचे चार तुकडे केले.

मंगळवारी पावणेसातला नाना ब्रश तोंडात धरून उभे होते. फोन वाजला नाही. पावणेसातचे सात झाले, तोंडातला फेस वाळला. शिक्षेचे ते चार दिवस सोडले तर अक्कांचा दिवस चुकला असं कधी घडलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष फोनच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एकही काडी नव्हती. मध्यभागी लिहिलं होतं, 'सेवा उपलब्ध नाही.'

जुन्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे पहाटे नंबर सोडला होता. नव्या कंपनीने अंगठ्यावाचून तो घेतला नव्हता. एकोणीस वर्षांचा नंबर मधल्यामध्ये लटकला होता.

सूनबाईंनी आपल्या फोनवरून तो लावून पाहिला आणि स्पीकर सुरू केला. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," एक बाई थंडपणे म्हणाली.

"हे अक्काने ऐकलं असेल," नाना म्हणाले आणि खाटेवर बसले.

"अहो, मग माझ्या फोनवरून लावा त्यांना," माई म्हणाल्या. "वन्संकडे माझा नंबर लिहिलेला आहे."

नानांनी माईंचा फोन घेतला. अक्कांचा फोन वाजला. वाजत राहिला. शेवटपर्यंत वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा शेवटपर्यंत. नाना फोन कानाला लावून खोलीत येरझारा घालत होते आणि दर वेळी म्हणत होते, "उचल गं बाई, आज तरी उचल." सातपासून आठपर्यंत अकरा वेळा लावला. घरात तीन शहाणी माणसं होती, पण अक्का फोन हातात धरून रिंगा मोजत असतील हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काळजीचं असंच असतं. ती आली की आधी डोक्याचीच जागा घेते.

"बाबा, आत्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर असेल ना?" सूनबाईंनी विचारलं.

"आहे ना. जुन्या सिममध्ये."

सगळ्यांनी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं.

"पडली असेल," नाना म्हणाले. "नाहीतर उचलला असता. मी जातो."

"पोचलात की फोन करा," माई म्हणाल्या.

"कशावरून?"

माईंनी आपला फोन त्यांच्याकडून परत घेतला. "मागा कुणाचा तरी. तोवर मी इथून लावत राहते."

साडेआठच्या बसमध्ये नानांना खिडकी मिळाली, पण बाहेर बघण्यात त्यांचं मन नव्हतं. अठ्ठावीस दिवस, बारा महिने, रीडिंग, सगळं त्यांना आता क्षुल्लक वाटत होतं. कंपनीने वर्षाचे वीस महिने केले असते तरी त्यांनी मुकाट्याने भरले असते. त्यांना आठवत होती ती गणवेशाची एक बाही. पाचवीत असताना एका संध्याकाळी फाटलेली, आणि अक्कांनी रात्री बसून अशी शिवलेली की शाळेत कोणाला कळलं नाही. कळलं फक्त नानांना, कारण त्या शिवणीपाशी कापड जरा जाड लागायचं. वर्गात भीती वाटली की ते तिथे बोट ठेवत. आजही त्यांचं बोट डाव्या दंडापाशी गेलं. तिथे अर्थातच काही नव्हतं.

शेजारच्या तरुण शिक्षकाकडे त्यांनी फोन मागितला. नंबर लावला, कानाला लावला, आणि दोन रिंगा होताच बंद करून परत दिला. अंगवळणी पडलेलं हो, दुसरं काय.

"लागला नाही का?" शिक्षकाने विचारलं.

"लागला."

"मग बोला की. फुकट आहे, काका."

"आम्ही बोलत नाही."

"भांडण आहे का?"

"छे," नाना म्हणाले. "उलट फार प्रेम आहे."

शिक्षकाने फोन खिशात ठेवला आणि पुढच्या प्रवासात झोपेचं सोंग घेतलं.

मधल्या थांब्यावर दोन्हीकडच्या बस येऊन पंधरा मिनिटं उभ्या राहतात. चार बाकं, एक पत्र्याचं छप्पर, एक चहावाला. नाना उतरले. पलीकडून दुसरी बस धूळ उडवत आली. तिच्यातून आधी एक पिशवी उतरली. निरनिराळ्या कापडांच्या तुकड्यांची, अशी पिशवी बाजारात मिळत नाही. पिशवीमागून, दांडा धरून, एक पाय जपत अक्का उतरल्या.

अक्का चहावाल्यापाशी आल्या, पाणी मागितलं, प्याला तोंडाला लावला आणि प्याल्याच्या वरून त्यांना नाना दिसले. त्यांनी पाणी पूर्ण प्यायलं. प्याला खाली ठेवला. मग जवळच्या बाकावर बसल्या.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "तू आहेस?"

"आहे."

"ती बाई म्हणाली अस्तित्वात नाही."

"नंबर नाहीये, अक्का. मी आहे."

"आणि तुझी बायको सकाळपासून रिंगा देतेय. पहिल्याच फोनला मी बारा मोजल्या. चारच्या वर गेल्या तशी चप्पल घातली, बाराव्या रिंगेला दाराला कुलूप लावलं. मग नुसत्या वाजतच होत्या. अख्खी बस माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, कळलं गं बाई, येतेच आहे, आता किती वेळा सांगशील."

"अगं, तो फोन मी लावत होतो. तू उचलावास म्हणून."

"उचलावास म्हणून?" अक्कांनी मान वर केली. "उचलायचा नाही असं ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय."

"मग?"

नाना बहिणीशेजारी बसले. अक्कांनी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या मानाने तो बऱ्यापैकी जोरात होता. मग हात तिथेच ठेवला, आणि थोडा वेळ काढला नाही.

पिशवीत फोन वाजू लागला. अक्का मोजू लागल्या. नानांनी पिशवीत हात घालून फोन काढला, हिरवं बटन दाबलं आणि माईंना सांगितलं की दोघंही सापडले, एकाच ठिकाणी, आणि दोघंही आहेत. पलीकडून माई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्या रडल्या, एवढं सांगितलं तरी पुरे.

अक्का चमत्कार बघावा तशा फोनकडे बघत होत्या. "किती गेले?"

"काही नाही. आता फुकट असतं."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

अक्कांनी फोन परत पिशवीत ठेवला. नानांचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. "पाय का जपतेस?"

"काही नाही रे. मागच्या थंडीत मोडला होता. न्हाणीघरात घसरले. सहा आठवडे प्लास्टर होतं."

"सहा आठवडे?" नाना उठून उभे राहिले आणि परत बसले. "अगं, त्या थंडीत एक दिवस चुकला नाही तुझा. रोज दोन रिंगा देत होतीस."

"मग किती द्यायच्या? पाय मोडला याची खूण कागदावर होती का? पाच दिल्या असत्या तर तू धावत आला असतास. तुला बस लागते."

नानांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं," मग ते म्हणाले. "गेल्या वर्षी. महिनाभर दिसत नव्हतं. तुला रिंग द्यायची ती बटनं चाचपून द्यायचो."

"आणि मला 'इथेही ठीक' म्हणून सांगायचास."

"माझ्याकडे एकच रिंग होती, अक्का."

दोन्ही बसचे भोंगे वाजले. एका कंडक्टरने "काका, चला" म्हणून हाक मारली, दुसऱ्याने "मावशी" म्हणून. शिक्षकाने खिडकीतून डोकं काढून बघितलं, त्या दोघांना बोलताना पाहिलं आणि समाधानाने आत घेतलं. बस निघाल्या, एक इकडे, एक तिकडे. धूळ खाली बसली.

"गेल्या की दोन्ही," चहावाला म्हणाला. "आता तीन तासांनी. तुम्हाला कुठली हवी, इकडची की तिकडची?"

"ते मागाहून बघू," अक्का म्हणाल्या. "दोन चहा दे. याला जरा गोड लागतो."

"बिनसाखरेचा," नाना हळूच म्हणाले.

"का? साखर कधी सोडलीस?"

"डॉक्टरांनी बंद केली. चार वर्षं झाली."

अक्कांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, दुखरा पाय समोरच्या बाकावर लांब केला आणि पदर सावरून नानांकडे वळून बसल्या.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "बरं. पहिल्यापासून सांग. आणि काही गाळू नकोस."